आजोबांची जीप 'मिलिटरीची' म्हणून विकू नका, किलोवर तर नाहीच



नगरला लष्कराचा मोठा तळ आहे, रणगाड्यांचं संग्रहालय आहे, व्हीआरडीई आहे. त्याचा एक तोटा असा, की जिल्ह्यात कुणाच्याही गोठ्यामागं उभी असलेली जुनी जीप 'मिलिटरीची' ठरते. पारावरचा माणूस छातीठोक सांगतो, 'दुसऱ्या महायुद्धातली हाय ती.' आणि त्याच वेळी घरातला एखादा वारस तीच गाडी भंगारवाल्याला किलोवर द्यायला निघालेला असतो. एकाच गाडीचे दोन भाव, आणि दोन्ही गाडीखाली न वाकता ठरवलेले. बैल घेताना दात बघतो आपण, इथं मात्र रंग बघून सौदा.

महायुद्धातली विलीज एमबी किंवा फोर्ड जीपीडब्ल्यू असेल तर स्टिअरिंग मुळात डावीकडं असतं, पुढच्या पत्र्याला नऊ उभ्या फटी असतात आणि मागं उघडणारा फाळका नसतो. पण पत्रा बदलता येतो, म्हणून चासी बघा. पुढची आडवी दांडी गोल पाइपची असेल तर विलीज, उलट्या यू आकाराची असेल तर फोर्ड. फोर्डनं सुट्या भागांवर, अगदी बोल्टांच्या डोक्यावरही 'एफ' उठवलेला असे. यातलं काहीच जुळत नसेल तर हिरवा रंग आणि पांढरी चांदणी बघून एक रुपयासुद्धा जास्त देऊ नका. डबा हजारभर रुपयांना मिळतो.

मी ज्या जीपखाली वाकलोय त्यातल्या बहुतेक महिंद्राच्या सीजे-३बी निघाल्या. सात फटी, उजवं स्टिअरिंग आणि घोड्याच्या मानेसारखं उंच बॉनेट. ते बॉनेट शोभेसाठी उंच नाही. जुन्या गो डेव्हिल इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, त्यामुळं हेड सपाट पाटासारखं. पुढच्या हरिकेन इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेला, इंजिन उंच झालं, मग बॉनेटही उचलावं लागलं. डिझेल असेल तर वेगळी गोष्ट: महिंद्रानं आधी इंटरनॅशनलच्या ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन जीपमध्ये घातलं, नंतर प्यूजोचं आणलं. इंटरनॅशनल असेल तर गावातला जुना ट्रॅक्टर मिस्त्री त्यात हात घालू शकतो, ही तिची खरी किंमत. सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आणि अंगानं थोराड गाडी असेल तर ती जोंगा, निस्सानच्या परवान्यावर जबलपूरला बनलेली. ती मात्र खरोखर मिलिटरीची.

आता माझा मुख्य मुद्दा. सीजे म्हणजे सिव्हिलियन जीप. युद्ध संपताच १९४५ मध्ये विलीजनं सीजे-२ए काढली ती शेतकऱ्याला डोळ्यापुढं ठेवून. तिला पीटीओ जोडता यायचा, अवजार ओढायची सोय होती. म्हणजे हे शेतीचं यंत्र आहे. त्याची पारख यंत्र म्हणूनच व्हायला पाहिजे. शहरातले शौकीन येऊन 'विंटेज करून टाका' असा सल्ला देतात, त्यांना विचारा की मग दूध कशात न्यायचं? २०२१ च्या केंद्राच्या नियमात ५० वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाडीला 'व्हीए' अक्षरांचा विंटेज नंबर मिळतो, नव्या नोंदणीला २०,००० रुपये. पण मग ती रोजच्या कामाला किंवा धंद्याला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि तेल भरणं, एवढंच. अकोल्याच्या घाटवाटांवर किंवा शेवगाव-नेवाशाच्या काळ्या चिखलात चालणाऱ्या फोर बाय फोरला मखरात बसवायचं? ज्याच्याकडं दुसरी गाडी आहे त्यानं खुशाल करावं.

यंत्राची पारख अशी. पहिल्यांदा पुढच्या एक्सलला डिफरन्शियलचा गोळा आहे का बघा. नसेल तर ती टू व्हील ड्राइव्ह, कितीही लिव्हर दिसू द्या. असेल तर मऊ रानात फोर व्हील टाकून पुढची चाकं खरंच ओढतात का बघा. डांबरी रस्त्यावर ही परीक्षा नको, ट्रान्स्फर केसवर ताण येतो. मग स्प्रिंगच्या हँगरपाशी चासीला चीर किंवा वेल्डिंगची गाठ आहे का ते हातोडीनं ठोकून तपासा. आवाज बद्द आला की आतून गंज. डिपस्टिकवर दुधाळ ऑइल म्हणजे पाणी आत शिरलंय. ऑइलच्या झाकणातून फसाफसा धूर येत असेल तर रिंगा गेल्या. पत्रा, सीट, हूड शेवटी. त्यात पैसे जातात, पण गाडी त्यावाचून अडत नाही.

कागदाचं सांगतो, कारण बांधाइतकीच भांडणं त्यावर होतात. मालक वारला तर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करायची, असा नियम आहे. आपल्याकडं बारा-बारा वर्षं गाडी मयताच्या नावावर फिरते. १९८९ आधीचा तीन अक्षरी नंबर असेल तर नोंद संगणकावर चढलीय का ते आधी विचारा. इंजिन बदललेलं असेल तर आरसी बुकावरचा नंबर आणि ब्लॉकवरचा नंबर जुळवून घ्या. न जुळणारी जीप दाखवायला सोपी, नावावर करायला अवघड.

आणि गिऱ्हाईक यायच्या आधी चासी नंबर रॉकेलच्या फडक्यानं पुसून फोटो काढून ठेवा. ग्राइंडर लावू नका, रंगारी पोराला तिथं पट्टी भरू देऊ नका.