बंडखोरांचे कौतुक

पक्षाची शिस्त मोडून बाहेर पडणारा पुढारी आपल्या प्रांताचा असला, म्हणजे आपल्याकडील सुशिक्षितांचे अंतःकरण अभिमानाने भरून येते. मुंबई-पुण्यास हे घडते, तसेच ते आमच्या मुरुडसारख्या गावीही घडते. चौकात फलक लागतात, फटाके उडतात, आणि ज्यांनी फटाके उडविणे कमीपणाचे मानले, ती मंडळी घरी बसून ‘बाणेदार’, ‘स्वाभिमानी’ अशी विशेषणे खर्ची घालतात. हेच कृत्य दुसऱ्या जिल्ह्यातील गृहस्थाने केले, तर त्यास संधिसाधू म्हणावयास याच मंडळींची जीभ अडखळत नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, हा न्याय घरात लावला तर हसून सोडून देता येतो. राज्यकारभारास लावला तर त्याची किंमत सर्वांना मोजावी लागते. आमचे म्हणणे इतकेच की, पक्षत्याग हा मुळात सद्गुणही नव्हे व दुर्गुणही नव्हे. कशासाठी सोडले, सोडताना काय गमावले आणि सोडल्यावर काय पदरात पडले, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर त्याची योग्यता ठरते.

या कसोटीस निःशंकपणे उतरणारे उदाहरण महाराष्ट्रात आहे. चिंतामणराव देशमुख हे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. १९५० साली ते केंद्राचे अर्थमंत्री झाले आणि १९५२ साली कुलाबा मतदारसंघातून काँग्रेसतर्फे लोकसभेवर निवडून आले. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई शहर महाराष्ट्रापासून तोडून केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा निर्णय जाहीर झाला; मुंबईत पोलिसांच्या गोळ्यांनी माणसे पडली; आणि त्या गोळीबाराच्या न्यायालयीन चौकशीची मागणी मान्य झाली नाही. त्या वर्षीच्या जुलैत देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडले, आणि ते का सोडले हे लोकसभेत उभे राहून, पंतप्रधानांच्या समक्ष सांगितले. जाताना त्यांच्यामागे आमदार-खासदारांचा तांडा नव्हता, आणि पलीकडे दुसऱ्या मंत्रिपदाची खुर्ची मांडून ठेवलेली नव्हती.

येथे एक गोष्ट मराठवाड्याच्या वाचकाने ध्यानी घ्यावी. त्या जुलैत मुरुड हे गाव हैदराबाद राज्याच्या उस्मानाबाद जिल्ह्यात होते. आपले पाच जिल्हे मुंबई राज्यात आले ते १ नोव्हेंबर १९५६ रोजी. देशमुख हे महाडजवळच्या नाते गावचे. त्यांचा आमचा ना तालुका एक, ना जिल्हा एक, त्या घडीला तर राज्यही एक नव्हते. तरीही ते आमचे ठरले, ते त्यांच्या कृत्यामुळे. माणूस आपला म्हणून त्याचे कृत्य थोर, असे नसून कृत्य थोर म्हणून माणूस आपला, हा क्रम आहे. आणि आज आपण नेमका तोच उलटा केला आहे.

यावर काही चतुर लोक म्हणतात की, देशमुख हे मूळचे सनदी अधिकारी. त्यांस मतदारसंघ सांभाळावयाचा नव्हता, कार्यकर्ते पोसावयाचे नव्हते, म्हणून त्यांस त्याग सोपा गेला. हा युक्तिवाद फसवा आहे. ज्याच्यामागे गट असतो, तो पक्ष सोडताना आपले बळ बरोबर घेऊन जातो. ज्याच्यामागे कोणी नसते, त्याचे सारे बळ पदातच असते आणि पद सोडताच ते संपते. एकट्याने बाहेर पडणे अधिक सोपे नसून अधिक अवघड आहे.

आता दुसरी उदाहरणे पाहू. जुलै १९७८ मध्ये शरद पवार हे वसंतदादा पाटलांच्या मंत्रिमंडळातून बाहेर पडले, सरकार कोसळले, आणि पवार स्वतः मुख्यमंत्री झाले. त्या कृत्यास बारामती मुत्सद्देगिरी म्हणते आणि सांगली विश्वासघात म्हणते. कृत्य एक असता निर्णय गावागणिक बदलत असेल, तर तो निर्णय विवेकाचा नव्हे, शिवेचा आहे. नांदेडचे शंकरराव चव्हाण यांनीही १९७७ साली मुख्यमंत्रिपद गेल्यानंतर वेगळा पक्ष काढला, पुढे ते पवारांच्या मंत्रिमंडळात बसले, आणि १९८० पर्यंत पुन्हा मूळ प्रवाहात परतले. शंकररावांविषयी आम्हांस नितांत आदर आहे. परंतु तो या प्रवासासाठी नव्हे. जायकवाडीच्या पाण्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे जो ध्यास घेतला, त्यासाठी तो आहे. आणि ते काम त्यांनी पक्षात राहून केले. त्यांचे बंड आज कोणाच्या स्मरणात नाही. धरण मात्र उभे आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांचे चिरंजीव अशोकराव यांनी काँग्रेस सोडली व भारतीय जनता पक्षात प्रवेश केला. न्यायास धरून सांगावयाचे, तर त्यांनी आमदारकीचाही राजीनामा दिला. एका पक्षाच्या चिन्हावर निवडून येऊन दुसऱ्याच्या बाकावर ते बसले नाहीत. परंतु त्याच महिन्यात ते नव्या पक्षातर्फे राज्यसभेवर बिनविरोध गेले. काय गमावले व काय मिळाले याचा हिशेब वाचकांनीच मांडावा. नांदेडकरांनी तो आपल्या परीने मांडला. जूनमध्ये त्यांनी लोकसभेवर काँग्रेसचा उमेदवार पाठविला. नोव्हेंबरमध्ये लोकसभेची पोटनिवडणूक पुन्हा काँग्रेसला दिली आणि त्याच वेळी भोकरची आमदारकी अशोकरावांच्या कन्येस दिली. त्याच जिल्ह्याने एकाच दिवशी दोन उत्तरे दिली, यावरून मतदार फलकांवरील विशेषणांनी भारून जात नाही, एवढे तरी दिसते.

कोणी म्हणेल, मग पक्षनिष्ठा हाच धर्म समजावा काय? मुळीच नाही. पक्ष हे साधन आहे, देव्हारा नव्हे. किंबहुना आमची खरी तक्रार अशी की, एकट्याच्या सदसद्विवेकास आज जागाच उरलेली नाही. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्या सभासदाचे सभासदत्व जाण्याची तरतूद केली. मात्र एकतृतीयांश सभासद मिळून फुटले तर त्यांस अभय दिले. २००३ साली ही सवलत काढली, तरी दोनतृतीयांशांनी विलीन होण्याची वाट खुलीच राहिली. म्हणजे एकाने तत्त्वासाठी विरुद्ध मत दिले तर तो अपात्र, आणि पुष्कळांनी मिळून घर बदलले तर ते पात्र! कायदाच जमावास पाठीशी घालतो, म्हणून तरी निदान लोकमताने एकाकी माणसाची कदर करावयास हवी. परंतु आपण फुले उधळतो ती जमावावरच.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातुरास आगगाडीने पिण्याचे पाणी आले. मुरुडवरून जाणाऱ्या याच लोहमार्गाने ते टाक्यांचे डबे गेले. एका भरल्या शहराची तहान आगगाडीने भागवावी लागली, याहून राजीनाम्यास योग्य असे कारण ते कोणते? त्या पाण्यासाठी एखाद्याने मंत्रिपद भिरकावून दिल्याचे वाचकांस आठवते काय? ज्या प्रांताच्या पुढाऱ्यांनी उमेदवारीसाठी आणि खात्यांसाठी पक्ष सोडले, त्या प्रांतात पाण्यासाठी पक्ष सोडणारा दाखवावा, आम्ही त्याचा फलक स्वतः खांद्यावर वाहू.

दोष केवळ पुढाऱ्यांचा नाही. मुलांस निबंधासाठी थोर पुरुषांची नावे सांगणारे आपण सुशिक्षित पालक, ज्या दिवशी स्वार्थाच्या उडीस बाणेदारपणा म्हणतो, त्या दिवशी खऱ्या बाणेदारपणाचा भाव उतरवितो. खोटे नाणे खरे म्हणून चालू दिले, की खरे नाणे पेटीत जाऊन बसते. पुढच्या खेपेस आपल्या जिल्ह्याचा कोणी पक्ष सोडील, तेव्हा टाळी वाजविण्यापूर्वी ते तीन प्रश्न त्यास विचारावे, आणि उत्तरे मिळेपर्यंत हात जोडलेले नव्हे, तर बांधलेले ठेवावे.