मुलाच्या छातीचं ऑपरेशन : पैसे भरण्याआधी

भर मे महिन्यात जाड जॅकेट घालून फिरणारा, मैदानात सगळ्यांनी शर्ट काढले तरी अंगातला न काढणारा, खांदे पुढे झुकवून चालणारा मुलगा प्रत्येक वस्तीत एखादा तरी सापडतो. त्याच्या छातीचा भाग वाढलेला असतो. मित्रांनी त्यावरून नाव पाडलेलं असतं. घरात तो बोलत नाही, मोबाइलवर मात्र शोधतो. तिथे त्याला ‘एका दिवसात घरी, हप्त्यांची सोय’ असं सांगणारी जाहिरात भेटते. मग एक दिवस तो आईकडे साठ-सत्तर हजार रुपये मागतो आणि घर हादरतं. बापाचं पहिलं वाक्य असतं, ‘हे काय नवीन खूळ?’

हे खूळ नव्हे. याला गायनेकोमास्टिया म्हणतात. पुरुषाच्या छातीतही स्तनाची थोडी ग्रंथी असते आणि शरीरातल्या संप्रेरकांचा तोल हलला की ती वाढते. वयात येताना निम्म्याच्या आसपास मुलांना हे कमी-जास्त प्रमाणात होतं. बहुतेकांचं सहा महिन्यांपासून दोन वर्षांत आपोआप ओसरतं. म्हणून 14-15 वर्षांच्या मुलाला ऑपरेशनला नेण्याची घाई मला साफ चुकीची वाटते. थांबणं हाच तिथे उपचार आहे, आणि त्याला पैसे लागत नाहीत. मात्र थांबण्याच्या त्या काळात मुलाला चिडवलं जाणार नाही याची जबाबदारी घरच्यांची आहे. काका-मामाच त्याच्या छातीला हात लावून हसत असतील तर ते आधी थांबवा. आणि ‘मुलीसारखा’ ही शिवी कधीपासून झाली, तेही एकदा घरातल्या मुलींसमोर बसून विचारून बघा.

दुसरी गोष्ट, चरबी आणि ग्रंथी यांतला फरक. उताणं झोपून दोन बोटांच्या चिमटीत स्तनाग्राभोवतीचा भाग धरला तर ग्रंथी रबरासारखी, गोल चकतीसारखी लागते. नुसती चरबी असेल तर सगळं मऊ लागतं. चरबी वजन उतरवल्यावर कमी होते. दोन वर्षं टिकलेली जुनी ग्रंथी मात्र व्यायामाने, मालिशने किंवा बाजारातल्या मलमाने जात नाही. दंड-बैठकांनी ती वितळेल असं सांगणाऱ्याकडून पावडरचा डबा घेऊ नका. उलट जिममध्ये मिळणारी स्टेरॉइडची इंजेक्शनं हेच वाढीचं एक मोठं कारण आहे. बाहेरून टोचलेल्या पुरुषी संप्रेरकाचा काही भाग शरीर स्त्री-संप्रेरकात बदलतं, आणि छाती रुंद करायला गेलेल्या पोराची ग्रंथी वाढून बसते. डॉक्टरसमोर ही गोष्ट लपवू नका. कारण तसंच चालू राहिलं तर ऑपरेशननंतरही पुन्हा वाढू शकते.

कारणं आणखीही आहेत. दारूने खराब झालेलं लिव्हर, थायरॉइड, किडनीचा आजार. काही औषधं : हृदयाच्या किंवा लिव्हरच्या रुग्णाला देतात ती स्पायरोनोलॅक्टोन, मानसिक आजारातली रिस्पेरिडोन, केस गळतीवरची फिनास्टेराइड, एचआयव्हीवरची काही औषधं. यातली गोळी घरात चालू असेल तर स्वतःहून बंद करू नका, फक्त डॉक्टरला दाखवा. आणि वृषणात गाठ असली तरीही छाती वाढू शकते. असं क्वचित होतं, पण तरुण मुलात ते शोधावंच लागतं. नेमकी हीच तपासणी राहून जाते. मुलगा लाजतो, डॉक्टर घाईत असतो. ज्या क्लिनिकमध्ये वृषण न तपासता, रक्त न तपासता पहिल्याच भेटीत ऑपरेशनची तारीख देतात, तिथून उठून या.

चाळिशी-पन्नाशीच्या माणसाची गोष्ट वेगळी. एकाच बाजूला, स्तनाग्रापासून थोडी बाजूला कडक गाठ, स्तनाग्र आत ओढलं जाणं, रक्ताळ पाणी, काखेत गाठ, यातलं काहीही दिसलं तर सौंदर्याच्या दुकानात जायचं नाही, सरळ सर्जनकडे जायचं. स्तनाचा कर्करोग पुरुषांनाही होतो. प्रमाण शंभरात एकाहूनही कमी, पण पुरुष उशिरा येतात.

आता खर्च. खासगी क्लिनिक शहरात साधारण चाळीस-पन्नास हजारांपासून लाख-सव्वा लाखापर्यंत सांगतात. आकडा कमी असेल तर एक प्रश्न विचारा : ‘ग्रंथी काढणार की फक्त चरबी ओढणार?’ चरबी नळीने ओढून घेतात, त्याला लायपोसक्शन म्हणतात. ग्रंथी काढायला स्तनाग्राभोवतीच्या गडद भागाच्या कडेला छोटा छेद घ्यावा लागतो. नुसती चरबी ओढली तर चकती तशीच राहते आणि मुलगा पुन्हा जॅकेटमध्ये. भूल, भूलतज्ज्ञ, रक्ततपासण्या, औषधं, घट्ट गंजी आणि नंतरच्या भेटी पॅकेजमध्ये आहेत का, हेही लिहून घ्या. काढलेला भाग पॅथॉलॉजीत तपासायला पाठवणार का, तेही. आरोग्य विम्यात सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया साधारणपणे बसत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं कुणी तोंडी सांगितलं तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून खात्री करून घेतल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

पण आपल्या घरांचा खरा हिशेब पॅकेजच्या बाहेर आहे. ऑपरेशननंतर चार ते सहा आठवडे घट्ट गंजी जवळजवळ दिवसभर घालायची असते आणि तेवढाच काळ जड उचलायचं नसतं. टेबलावर काम करणारा आठवड्यात कामाला लागतो. हमाली, बिगारी, डिलिव्हरीची पाठपिशवी, नाक्यावरचं काम करणाऱ्याने काय करायचं? रोज 700 रुपये आणि सहा आठवड्यांतले 36 दिवस कामाचे धरले तर 25 हजार 200 रुपये बुडाले. त्यात 70 हजार बचत गटातून महिना 2 टक्क्यांनी काढले असतील तर पहिल्या महिन्याचं व्याजच 1400. सावकाराचे 5 टक्के असतील तर 3500. हा आकडा कुठल्याच जाहिरातीत नसतो. आणि पैशाच्या ओढीने तिसऱ्या आठवड्यात पोतं उचललं की सूज येते, पाणी साचतं.

धोके सरळ सांगते. पहिल्या एक-दोन दिवसांत आत रक्त साचू शकतं. एक बाजू अचानक फुगली, ताणली, दुखू लागली तर रात्र असली तरी परत जायचं. म्हणून घर बदलापूरला आणि क्लिनिक मुंबईच्या दुसऱ्या टोकाला असेल तर पहिल्या दोन रात्री कुणा नातेवाइकाकडे जवळच राहा. नंतर पाणी साचणं, पू होणं, दोन बाजू सारख्या न दिसणं, जास्त काढल्याने खड्डा पडणं, स्तनाग्र बधिर होणं. बधिरपणा बहुधा काही महिन्यांत जातो. स्तनाग्राची कातडी मरणं दुर्मीळ, पण होतं. तंबाखू, गुटखा, बिडी घेणाऱ्याची जखम उशिरा भरते, निदान महिनाभर आधी सोडावं लागतं. सावळ्या कातडीवर, त्यातही छातीवर, व्रण फुगून जाड होण्याची शक्यता जास्त. दंडावरची लहानपणच्या लशीची खूण गाठीसारखी फुगलेली असेल तर सर्जनला आवर्जून दाखवा.

एवढं सांगूनही मी या ऑपरेशनच्या विरोधात नाही. अठरा पूर्ण झालेत, ग्रंथी दोन वर्षं हललेली नाही, तपासण्या झाल्यात, वजन स्थिर आहे, आणि मुलगा त्यापायी कॉलेज, मैदान, लग्नाचा विषय सगळं टाळतोय, तर करावं. लाजेने वाया जाणारी वर्षंही खर्चातच धरायची असतात. भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना तर ते रोज भोगावं लागतं. पोलीस शिपाई भरतीत उघड्या अंगाने छाती मोजतात, न फुगवता 79 सेंटिमीटर आणि फुगवून 5 जास्त. सैन्य आणि केंद्रीय दलांच्या वैद्यकीय तपासणीत वाढलेल्या छातीवरून उमेदवार बाद ठरू शकतो. असा मुलगा असेल तर तारखा जाहीर होण्याची वाट न बघता काही महिने आधी निर्णय घ्या, व्रण भरायला आणि पुन्हा धावायला वेळ लागतो.

पहिली पायरी मात्र सरकारी रुग्णालयाची. मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे या चारही ठिकाणी प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. नंबर लागायला वेळ लागतो, तातडीच्या आणि भाजलेल्या रुग्णांना आधी घेतात, ते रास्तच आहे. पण तपासणी होते आणि ऑपरेशन लागणारच नाही हे सांगायला तिथल्या डॉक्टरचं काही नुकसान होत नाही. खासगीत जायचंच ठरलं तर पाटीवरच्या ‘कॉस्मेटिक तज्ज्ञ’ या शब्दावर जाऊ नका. एम.सी.एच. किंवा डी.एन.बी. प्लास्टिक सर्जरी ही पदवी आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा. भूलतज्ज्ञ कोण, अडचण आली तर कोणत्या रुग्णालयात हलवणार, हेही विचारा.

केसपेपरच्या खिडकीवर ‘काय होतंय?’ असं मोठ्याने विचारतात आणि मागे रांग असते. तिथे मुलाने सगळं सांगायची गरज नाही. ‘प्लास्टिक सर्जरी ओपीडी’ एवढंच म्हणायचं, बाकीचं आत डॉक्टरसमोर. आई सोबत असेल तर तपासणीच्या वेळी तिने बाहेर थांबावं.