चप्पल नको, घड्याळ बघा

घटस्थापना तोंडावर आलीय. छत्रपती संभाजीनगरात कर्णपुऱ्याच्या यात्रेत रीघ लागेल. कुणी नऊ दिवसांचे उपास धरेल, कुणी रात्र रात्र दांडियाला जागेल, आणि त्या गर्दीत एखाद्याला फिट येईल. लगेच गलका होईल: चप्पल हुंगवा, कांदा फोडा, हातात किल्ल्या द्या! शहरवासीयांनो, हात जोडून विनंती आहे, यातलं काहीही करू नका.

मेंदूतल्या पेशींमध्ये विजेचा लोंढा अचानक उसळतो, ती फिट. बहुतेक वेळा एक-दोन मिनिटांत तो आपोआप ओसरतो आणि श्रेय फुकट चपलेला मिळतं. तुम्ही वेळ मोजा. डोक्याखाली ओढणी सरकवा, जवळचे दगड-गाड्या बाजूला करा, हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. जीभ कुणी गिळत नाही, दात मात्र तुटतात. झटके थांबले की कुशीवर वळवा. पाच मिनिटं उलटली किंवा शुद्धीवर येण्याआधी दुसरी फिट आली, तर 108 ला फोन करा.

घरच्यांना आणि कामावरच्या सोबत्यांना मात्र जास्त सांगायचंय. दर वेळी माणूस पडतोच असं नाही. वर्गात काही सेकंद टक लावून बसणारं आणि 'लक्ष नसतं' म्हणून बोलणी खाणारं पोर, वाळूजच्या कंपनीत मधेच शर्टाची गुंडी चाळवत बसणारा, हाकेला ओ न देणारा कामगार... तीही फिट असू शकते. ज्याची त्याची तऱ्हा निराळी. म्हणून फिट येणारा माणूस बरा असताना त्यालाच विचारा: आधी काही जाणवतं का? किती वेळ चालते? नंतर झोप येते का? फोन कुणाला करू?

विचारण्याइतकंच सांगणंही गरजेचं. पुण्यात यशोदा वाकणकर स्वतःच्या अपस्माराबद्दल, म्हणजे वारंवार फिट येण्याच्या आजाराबद्दल, उघड बोलल्या, त्यातून 'संवेदना' हा आधारगट उभा राहिला. आपल्याकडे अजून लग्न जमेपर्यंत गोळ्यांची चिठ्ठी कपाटात दडवतात. हिंदू विवाह कायद्यातली अपस्माराची अट 1999 मध्येच गेली, हे कितींना ठाऊक आहे? आणि जागतिक आरोग्य संघटना म्हणते, नीट उपचार मिळाले तर 70 टक्क्यांपर्यंत रुग्णांच्या फिट थांबू शकतात. पण गोळी चुकली, झोप मोडली की फिट परत येऊ शकते.

उपास धरायचा की नाही, हे आधी डॉक्टरांना विचारा; गोळी उपासाला चालते. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी डबी उघडून गोळ्या मोजा, दसऱ्यापर्यंत पुरतील ना?