साहेब तेव्हा इकडे नव्हताच!

दर ऑगस्टमध्ये आमच्या सांगली-साताऱ्याच्या ग्रुपांवर तोच फॉरवर्ड फिरतो. 18 ऑगस्ट 1868 चं खग्रास सूर्यग्रहण, विजयदुर्ग किल्ला, नॉर्मन लॉकियर नावाचा साहेब आणि हेलियमचा शोध! पुरावा काय, तर किल्ल्यावरचे 'साहेबाचे ओटे'. खाली शंभर अंगठे.

मंडळी, लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होता. सूर्याच्या ज्वाळांमधली ती पिवळी रेघ त्याने पाहिली 20 ऑक्टोबर 1868 ला, लंडनमधून, ग्रहण नसताना. विजयदुर्गावर तो आला हे खरंय, पण 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणाला. त्याआधी तीन वर्षं रॅमसेने हेलियम पृथ्वीवरच्या खनिजातून काढूनसुद्धा दाखवला होता!

"जाऊ दे ना यार, त्या निमित्ताने पोरं विज्ञानाकडे वळतात," असं एक उत्तर ठरलेलं असतं. साफ चूक. साधी तारीख तपासायची नाही हेच त्या पोरांनी आपल्याकडून शिकायचं का?

आणि खोटं बोलायची गरज तरी काय? 1868 ची सावली खुद्द सांगलीवरून गेली. तिथून जवळच्या जमखंडीत, म्हणजे पटवर्धनांच्याच एका संस्थानात, लेफ्टनंट जॉन हर्शेल पावसाळी ढगांच्या फटीतून सूर्याकडे स्पेक्ट्रोस्कोप रोखून होता. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा हा नातू. त्याला लाल, नारिंगी आणि निळी अशा तीन रेघा दिसल्या. नारिंगी रेघ सोडियमची असं त्याने धरलं. तीच पुढे हेलियमची निघाली. 1898 ची सावली विजयदुर्गाहून कऱ्हाडवरून जेऊरकडे गेली. जेऊरला दुर्बिणी घेऊन बसले होते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी नेगामवाला. हे कॉलेज म्हणजे आजचं सीओईपी! तिथून पास झालेल्या किती इंजिनिअरांना हे नाव माहीत आहे? साहेबाचे ओटे मात्र सगळ्यांना पाठ.

असो. मला जास्त खटकतं ते पुढचं. हेलियम सापडला, टाळ्या, संपलं. अरे, पण सूर्यावर हेलियमचं काम काय? दिसलेली रेघ वरच्या थरातल्या हेलियमची होती, आणि तो बहुतेक सूर्याच्या जन्मापासूनचाच. नवा हेलियम तयार होतो आत, गाभ्यात, दीड कोटी अंश तापमानात. हायड्रोजनची चार केंद्रकं टप्प्याटप्प्याने जुळून हेलियमचं एक बनतं. या एकाचं वजन त्या चारांपेक्षा सुमारे 0.7 टक्का कमी भरतं. हरवलेलं वजन म्हणजेच आपलं ऊन. सूर्य दर सेकंदाला साधारण 60 कोटी टन हायड्रोजन खातो, त्यातल्या 40 लाख टनांची ऊर्जा होते, उरतो हेलियम. इथे जळणं नाही, ऑक्सिजन नाही, धूर नाही. तरी आपण बिनधास्त "सूर्य जळतोय" म्हणतो. कोळशासारखा जळत असता तर काही हजार वर्षांत आटोपला असता. तो 460 कोटी वर्षं चाललाय आणि अजून 500 कोटी वर्षं सहज चालेल.

अभिमानच हवा असेल तर हा घ्या: सूर्य मुख्यतः हायड्रोजनचा आहे हे सेसिलिया पेनने 1925 मध्ये दाखवलं, ते आपल्या मेघनाद साहांच्या समीकरणाच्या जोरावर. याचा फॉरवर्ड मला आजवर एकदाही आलेला नाही.

तेव्हा विजयदुर्गला जरूर जा, ओट्यांवर बसून फोटो काढा. फक्त पोरांना सांगताना साल 1898 सांगा. आणि पुढच्या ऑगस्टमध्ये तो मेसेज आला की अंगठा दाखवण्याआधी एवढंच विचारा, "साहेब त्या दिवशी नक्की कुठे होता?"