वेग मागच्याने ठरवायचा!

सुट्टी लागली की ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो, 'चला, घाट मारू!' बाइकवाले लगेच हात वर करतात. सायकलचं नाव काढलं की मात्र सगळे गायब. मे महिना, सायकल आणि वर चढ? डोकं ठिकाणावर आहे ना?

तरी मी म्हणेन, परीक्षा संपल्यावर आणि निकाल लागायच्या आधी एखादा घाट सायकलने चढून बघाच. एकट्याने नको, दहा जणांचं टोळकंही नको. एकच मित्र किंवा एकच मैत्रीण. आणि नियमही एकच, वेग ठरवायचा तो मागे पडणाऱ्याने.

आमच्या भागातलाच घाट घ्या. वाईहून पाचगणीला जाताना पसरणी लागतं, शाहीर साबळ्यांचं गाव. तिथून रस्ता डोंगराला भिडतो. वाई ते पाचगणी जेमतेम १२-१३ किलोमीटर, पण तेवढ्यात सुमारे ६०० मीटर उंची गाठायची. म्हणजे १०० मीटर पुढे गेलात की ५ मीटर वर. ऐकायला काहीच वाटत नाही. फक्त हा चढ दीड-दोन तास संपतच नाही.

खाली वाई लहान लहान होत जाते. कृष्णेचं खोरं उलगडतं, धोम धरणाचं पाणी चमकतं. उन्हाळ्यात डोंगर वाळक्या गवताने पिवळे पडलेले असतात, मध्येच वणव्याचे काळे पट्टे. गाडीतून हा घाट गाण्यांच्या नादात निघून जातो आणि करवंदं दिसतात ती थेट मावशींच्या टोपलीत. सायकलवर असलात की ती जाळीवरच दिसतात. थांबायला निमित्त हवंच असतं, त्यामुळे खाऊनही होतात.

आता मुद्द्याचं. सपाट रस्त्यावर जोरात सायकल हाणताना आपली बरीचशी ताकद हवा कापण्यात जाते. म्हणून पुढच्याच्या चाकामागे चिकटून राहिलं की मागच्याचे कष्ट चांगलेच कमी होतात. चढावर हा हिशेब मोडतो. ताशी ७-८ किलोमीटरला हवेचा अडथळा नावापुरताच उरतो. सगळी ताकद जाते वजन वर न्यायला. तुम्ही आणि सायकल मिळून ८० किलो असाल, तर ते ८० किलो ६०० मीटर वर तुम्हालाच न्यायचेत. सोबतचा कितीही दमदार असो, त्यातला एक किलोही तो उचलू शकत नाही.

मग मित्र हवा कशाला? माझ्या मते, याच कारणासाठी. ज्याच्या असण्याने चढ एका टक्क्यानेही कमी होत नाही आणि तरीही जो आपल्या वेगाने शेजारी राहतो, त्याला मित्र म्हणावं.

गेल्या उन्हाळ्यात मी हा घाट मैत्रिणीबरोबर चढले. तिची सायकल हलकी, गिअरची. माझी म्हणजे दादाची जुनी, लोखंडी. ती सहज अर्धा तास आधी वर पोचली असती. पण पूर्ण घाटभर ती माझ्या मागच्या चाकाशी राहिली. पहिल्या दोन वळणांपर्यंत गप्पा चालू होत्या, मग वाक्यं आखूड झाली. 'पाणी?' 'पुढे सावली आहे.' 'गाडी येतेय, आत घे.'

तिची बाहेरगावची अ‍ॅडमिशन पक्की होती. मी आणखी एक वर्ष परीक्षेच्या तयारीत घालवणार होते. कॅन्टीनमध्ये आम्ही दोघींनी हा विषय महिनोन्महिने शिताफीने टाळला होता. घाटात एका कठड्यावर बसलो असताना तिने विचारलं, 'मी पुढे जातेय म्हणून तुला राग येतो का गं?' छाती भात्यासारखी चालू असताना बनवून बोलायला दमच नसतो. म्हटलं, 'येतो थोडा.' ती म्हणाली, 'मला वाटलंच.' आणि तिच्या बाटलीतलं उरलेलं पाणी माझ्यापुढे केलं. विषय मिटला नाही, पण टाळायची गरज संपली.

कुणी म्हणेल, एवढं हळू जायचं तर मजा काय? स्ट्राव्हावर दाखवायचं काय? असली अ‍ॅप्स घाटांचे तुकडे पाडून कोण किती मिनिटांत चढला याची यादी लावतात. ज्याला शर्यत करायची त्याने जरूर करावी. पण शर्यतीतही दोघांचा वेळ एक असू शकतो. २०१५मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या गटात नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. आळीपाळीने सायकल चालवायची आणि वेळ लागतो तो दोघांच्या नावावर. तिथे 'मी तुझ्याहून पुढे' याला अर्थच नाही.

आणि याद्या आपल्याला कमी आहेत का? सीईटीचे पर्सेंटाइल, प्लेसमेंट, पॅकेज, फॉलोअर्स. सुट्टीतल्या एका सकाळीही नंबर लावायचाच का?

नियम मागच्यालाही लागू आहे बरं का. 'तू हो पुढे, मी येतो हळूहळू' हा आपला ठरलेला डायलॉग. मनात असतं, थांब ना यार! तेव्हा दम लागला तर सरळ सांगायचं. थांबणारा आपल्यावर उपकार करत नाहीये, तो फिरायला आलाय.

थोडं कामाचंही सांगते. उजाडताच चढायला लागा, उन्हाच्या आधी वर पोचा. माणशी तीन लिटर पाणी, मीठ-साखर, हेल्मेट हवंच. सुट्टीत पर्यटकांच्या गाड्या खूप, त्यामुळे रस्त्यावर शेजारी शेजारी नाही, एकामागे एक. निघण्याआधी ब्रेक तपासा. उतारावर ते सतत दाबून ठेवू नका, तापतात.

पुणेकरांना सिंहगड आहे, कोल्हापूरकरांना जोतिबा, नाशिककरांना सप्तशृंगी. जूननंतर कुणी बंगळुरूला असेल, कुणी लायब्ररीत, कुणी वडिलांच्या दुकानात. तिथे सगळ्यांचा वेग एक नसणार आणि कुणी कुणासाठी थांबूही शकणार नाही. आत्ता थांबता येतंय. सायकलमध्ये हवा भरा आणि त्या एकाला फोन करा.