मर्ल ओबेरॉन आणि टीकाकारांचा आळस

रूपवती नटीच्या वाट्यास एक विलक्षण दुर्दैव येत असते. सामान्य रूपाच्या नटाने नुसते डोळे टिपले तरी त्याच्या अभिनयाची वाहवा होते. रूपवतीने काळीज उकलून दाखविले तरी प्रेक्षक तिच्या भुवयांची तारीफ करीत घरी जातो आणि टीकाकार 'नटी दिसते छान' एवढे लिहून लेखणी खाली ठेवतो. हॉलिवुडच्या इतिहासात हा अन्याय पुष्कळ जणींवर झाला; परंतु मर्ल ओबेरॉन हिच्यावर तो दुहेरी झाला. हयातीत तिला 'देखणा पुतळा' म्हणून बाजूस सारण्यात आले, आणि मृत्यूनंतर 'जन्मरहस्याची नायिका' म्हणून. हे दोन पक्ष एरवी परस्परांचे तोंडही पाहणार नाहीत. पण तिचे काम लक्षपूर्वक पाहण्याची तसदी घ्यावयाची नाही, या बाबतीत त्यांचे संपूर्ण मतैक्य आहे. आमचा वाद या दोघांशीही आहे.

प्रथम दुसऱ्या पक्षाचा समाचार घेऊ, कारण आज त्याचाच आवाज मोठा आहे. १९ फेब्रुवारी १९११ रोजी मुंबईत जन्मलेली आणि कलकत्त्यास वाढलेली ही अँग्लो-इंडियन मुलगी पुढे विलायतेस गेली, तेथून अमेरिकेस गेली, आणि आपला जन्म टास्मानियात झाला असे जन्मभर सांगत राहिली. १९७९ साली ती वारली. १९८३ साली हायअम आणि मोझली यांनी लिहिलेले तिचे चरित्र प्रसिद्ध झाले आणि खरा वृत्तान्त जगास कळला. तेव्हापासून तिच्यावर लिहावयास बसणाऱ्यास एक चमकदार वाक्य हमखास सुचते : तिची सर्वांत मोठी भूमिका पडद्याबाहेरचीच होती! २०२३ साली मिशेल यो हिला ऑस्कर पारितोषिक मिळाले, तेव्हा नायिकेच्या पारितोषिकासाठी नामांकन मिळालेली आशियाई वंशाची पहिली नटी म्हणून मर्लचे नाव पुन्हा निघाले. वंशाची चर्चा झाली, वर्णाची झाली. पण ज्या कामासाठी ते नामांकन होते, त्या कामाबद्दल चार ओळी लिहिणारे विरळाच.

हे चमकदार वाक्य आम्हांस उथळ तर वाटतेच, पण निर्दयही वाटते. १९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात हिंदी मनुष्य नागरिकत्वाच्या कायद्यापुरता 'गोरा' नव्हे असा निकाल दिला, आणि १९४६ पर्यंत हिंदी माणसांस त्या देशाचे नागरिकत्वाचे दार बंद राहिले. १९३४ पासून कडकपणे अमलात आलेल्या चित्रपट-नियमावलीने गोऱ्या व काळ्या वंशांतील स्त्रीपुरुषसंबंध पडद्यावर दाखविण्यास मनाई केली होती. अशा मुलखात पोटासाठी आणि भीतीपोटी सांगितलेल्या खोट्यास 'अभिनय' म्हणणे म्हणजे बुडणाऱ्याच्या हातपाय मारण्यास नृत्य म्हणण्यासारखे आहे. लपणे ही तिची लाचारी होती. अभिनय ही तिची कमाई होती. लाचारीचे कौतुक करून कमाई हिशेबातून वगळणाऱ्यांस आम्ही तिचे कैवारी समजत नाही. 'आमच्या मुंबईची मुलगी' म्हणून अभिमान मिरविणाऱ्या आमच्या स्नेह्यांसही आमचे हेच सांगणे आहे. जन्मदाखला हा अभिमानाचा विषय होऊ शकत नाही; मुंबईत जन्म घेण्यास मर्लला काही कौशल्य लागले नव्हते.

आता पहिला पक्ष. त्याचा आक्षेप असा की, मर्लचा चेहरा हलत नाही. ती थंड आहे, ताठ आहे, पुतळ्यासारखी आहे. या मंडळींस आम्ही भरतमुनींच्या दारी नेऊ इच्छितो. आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे अभिनयाचे चार प्रकार नाट्यशास्त्रात सांगितले आहेत, आणि ज्यात सत्त्वाचा अंश अधिक तो अभिनय श्रेष्ठ मानला आहे. आठ सात्त्विक भावांची जी गणना आहे तीत पहिले नाव कोणते? स्तंभ! भावनेचा भार असह्य झाला असता शरीर जागच्या जागी थिजते, तो स्तंभ. पुतळाही हलत नाही आणि स्तंभित मनुष्यही हलत नाही. पण एकाच्या आत दगड असतो आणि दुसऱ्याच्या आत वादळ. हा भेद ज्याला दिसत नाही, त्याने नटीला दोष देण्यापूर्वी स्वतःच्या दृष्टीची परीक्षा करून घ्यावी.

पुरावा पाहा. 'द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ' (१९३३) या इंग्लिश बोलपटात ती ॲन बोलीन होती. भूमिका अवघी काही मिनिटांची. शिरच्छेदास निघालेली राणी आरशापुढे आपली केशरचना नीट आहे ना, हे पाहते. येथे आक्रोशास वाव होता आणि आक्रोशावर टाळ्याही पडल्या असत्या. मर्लने तो मोह टाळला. मरणाच्या दारी केसांची काळजी करणारी ही स्त्री आक्रोश करणाऱ्या दहा राण्यांपेक्षा अधिक करुण वाटते.

ज्या चित्रपटासाठी तिला नामांकन मिळाले तो 'द डार्क एंजल' (१९३५). युद्धात आंधळा झालेला प्रियकर आपल्यामुळे तिच्या आयुष्याची माती होऊ नये म्हणून मेल्याचा समज तसाच राहू देतो. आणि अखेर ती समोर येऊन उभी राहते तेव्हा खोलीतील वस्तूंच्या जागा पाठ करून डोळस असल्याचे सोंग आणतो. प्रेक्षकास सत्य ठाऊक आहे, तिला नाही. फ्रेडरिक मार्चकडे सोंग वठविण्याचे काम, म्हणजे दिसणारे काम आहे. मर्लला केवळ ऐकावयाचे आहे, आणि आपण नकोशा झालो आहोत असे समजूनही मान ढळू द्यावयाची नाही. ऐकण्याचा अभिनय हा सर्वांत कठीण, आणि टीकाकारांच्या नजरेतून सर्वांत आधी निसटणारा. त्या वर्षीचे पारितोषिक बेटी डेव्हिसला मिळाले. बेटी डेव्हिसच्या ज्वालेपुढे आम्हीही मस्तक नमवितो. पण ज्वालेची पूजा करताना निखारा थंड असतो असे म्हणण्याचे कारण नाही.

'दीज थ्री' (१९३६) हा लिलियन हेलमन यांच्या १९३४ च्या नाटकावरून विल्यम वायलर यांनी काढलेला बोलपट. मूळ नाटकातील कंडी दोन स्त्रियांच्या परस्परप्रेमाची होती. नियमावलीच्या धाकाने ती बदलून, एका शिक्षिकेचे दुसरीच्या वाग्दत्त वराशी नाते आहे, अशी करण्यात आली. एका खोटारड्या मुलीच्या शब्दाने शाळा बुडते, खटला हरतो. आणि मग मर्लची कॅरन ज्याच्यावर प्रेम करते त्यालाच विचारते की, ते खरे होते काय. तो नाही म्हणतो. तिला विश्वास ठेवावयाचा आहे. पण विश्वास उरलेला नाही, हे प्रथम तिच्या डोळ्यांत दिसते आणि मागाहून तिच्या शब्दांत येते. स्वतःचे रहस्य उरी बाळगणाऱ्या बाईने हे साकारले, असे लिहिण्याचा मोह येथे कोणासही होईल. आम्ही तो टाळतो. दुःख पुष्कळांपाशी असते. त्याला रूप देण्याची कला थोड्यांपाशीच असते.

आणि 'वुदरिंग हाइट्स' (१९३९)! या चित्रपटास आठ नामांकने मिळाली : दिग्दर्शकास, ऑलिव्हिए यांस, दुय्यम भूमिकेतील जेराल्डिन फिट्झजेराल्डलाही. कॅथीला मात्र नाही. एमिली ब्राँटेच्या कादंबरीतील दुसरी पिढी चित्रपटाने वगळली, त्यामुळे सारा डोलारा कॅथी आणि हीथक्लिफ या दोघांच्याच खांद्यांवर उभा आहे. स्वयंपाकघरातील तो प्रवेश आठवा. एडगरने लग्नाची मागणी घातल्याचे कॅथी एलनला सांगते तेव्हा तिच्या स्वरात चेष्टा आहे, श्रीमंतीची हौस आहे. बोलता बोलता तिला उमगते की, हीथक्लिफ आपल्याहून वेगळा नाहीच. आणि तेवढ्यात तो अर्धेच ऐकून निघून गेलेला असतो. दिग्दर्शकाने तेथे वीज चमकविली आहे. ती चमकविली नसती तरी चालले असते, कारण मर्लचा स्वर आधीच बदललेला आहे. यालाच आपले शास्त्रकार स्वरभेद म्हणतात. ऑलिव्हिए यांना त्या जागी व्हिव्हियन ली हवी होती, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. नायकाची निराशा हा नायिकेच्या अभिनयावरील अभिप्राय कधीपासून झाला?

कोणी म्हणेल, हे श्रेय वायलर यांचे. मग पहिले दोन चित्रपट कोणाचे? एक अलेक्झांडर कोर्डा यांचा आणि दुसरा सिडनी फ्रँक्लिन यांचा. दुसरा कोणी म्हणेल, तिचा चेहरा छायालेखकांनी घडविला. १९३७ च्या मोटार-अपघातातील व्रण झाकण्यास ल्युसियन बॅलार्ड यांनी खास दिवा तयार केला आणि तो तिच्याच नावावरून 'ओबी' म्हणून ओळखला जातो. खरे आहे. पण दिवा व्रण पुसतो. नजरेतला भाव कोणताही दिवा देत नाही. तिच्या नावावर पोकळ चित्रपटही आहेत. 'नाइट इन पॅराडाइज' (१९४६) सारख्या पोशाखी कथेची तरफदारी आम्ही करणार नाही. जिच्यापुढे निर्मात्यांनी नाट्याऐवजी झगेच अधिक ठेवले, तिने झगे नेसले. पण उसाला चिपाडावरून जोखू नये.

आमचे मागणे मोठे नाही. पुतळा म्हणणाऱ्यांनी 'दीज थ्री' एकदा पाहावा, आणि जन्मरहस्याच्या भक्तांनी 'द डार्क एंजल' पाहावा. पाहताना तिच्या रूपाचा आणि कुळाचा विचार घटकाभर दाराबाहेर ठेवावा. त्यानंतरही ज्यास ती नटी वाटणार नाही, त्याच्याशी आमचे भांडण नाही. न पाहता निकाल देणाऱ्यांशी मात्र ते आहे, आणि ते आम्ही सोडणार नाही.