कंपवात : एकट्या वैद्याचे काम नव्हे

१८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी ज्या व्याधीचे पद्धतशीर वर्णन केले आणि जिला आपण कंपवात म्हणतो, तिचे मूळ मेंदूतील डोपामाइन निर्माण करणाऱ्या पेशींच्या ऱ्हासात असले, तरी तिचा जाच सदऱ्याची गुंडी लावताना आणि ताटातला घास तोंडाशी नेताना क्षणोक्षणी प्रत्ययास येतो. लेव्होडोपा हे औषध अद्यापही सर्वांत गुणकारी होय. परंतु उंबरठ्यापाशी एकाएकी खिळून राहणारे पाऊल, ढळणारा तोल आणि क्षीण होत जाणारा आवाज यांना केवळ गोळी पुरी पडत नाही. जमिनीवर आखलेल्या आडव्या पट्ट्या ओलांडीत पाऊल उचलण्यास शिकविणारा फिजिओथेरपिस्ट, आवाजाला उठाव देणारा वाचोपचारतज्ज्ञ, प्रथिनयुक्त जेवण व औषध यांच्या वेळांचा मेळ घालून देणारा आहारतज्ज्ञ आणि घरच्या मंडळींना धीर देणारी परिचारिका ही सारी माणसे मेंदुविकारतज्ज्ञाच्या बरोबरीने एकाच रुग्णाचा एकत्र विचार करू लागली, तरच त्या रुग्णाचे हिंडणेफिरणे आणि स्वावलंबन अधिक काळ टिकते. नेदरलँड्समध्ये २००४ साली सुरू झालेल्या ‘पार्किन्सननेट’ने अशा प्रशिक्षित उपचारकांची देशव्यापी साखळी उभी केली. आपल्याकडे मात्र रुग्णाला आधार देत एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात नेण्यातच कुटुंबाची शक्ती खर्ची पडते. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आठवड्यातील एक वार मुक्रर करून हे सर्व तज्ज्ञ एका छताखाली बसतील, अशी तजवीज सरकारने विनाविलंब करावी.